साडेतीन हात

मी बोटीच्या नाकावर उभा असतो.
माझ्या मागे तीनशे माणसं, कोंबड्या,
आंबवलेल्या मासळीच्या टोपल्या,
भामोला निघालेला एक चिनी दंतवैद्य आणि त्याची खुर्ची.
मला ती दिसत नाहीत.
त्यांना माझी पाठ दिसते.

हातात बांबू. हातभर लाल, हातभर पांढरा.
दर पावसाळ्यानंतर सारंग वसीउल्ला स्वतः रंगवून देतो,
त्या कामात तो कोणावर विश्वास ठेवत नाही.
बुडव, टेकव, वाच, ओरड.
“पाच हात!”
“पाच!” वरून सुकाण्याचा पडसाद.
“साडेचार!”
“ठाव नाही!”
ठाव नाही म्हणताना आवाज आपोआप मोकळा होतो.
मंडालेच्या खाली एकदा सलग अर्धा तास तेच ओरडलो,
तेव्हा वसीउल्लाने खूश होऊन विडी पाठवली होती.

चाटगावहून आलो तेव्हा सोळाचा होतो.
चुलत्याने सारंगाला चाळीस रुपये मोजले,
ते माझ्या पगारातून तीन वर्षं फिटत राहिले.
पहिलं वर्ष भट्टीवर. तेव्हा इरावती नुसती ऐकू यायची
पत्र्यापलीकडून,
शेजारच्या घरात कोणी भांडी घासावीत तशी.
आता तिला ओळखतो ते तळव्यांवरून.
वाळू लागली की बांबू गप्प राहतो.
चिखल पाहुण्यासारखा आग्रह करतो, उठू देत नाही.
खडी मनगटातून कोपरापर्यंत बोलते.
आणि कासव लागलं तर
लागलं म्हणेपर्यंत खाली काही नसतंच.

नदी दर वर्षी सरकते.
यंदा तिने तमाबिन गाव घेतलं,
रात्रीत नाही, आठवडाभर, जेवणावर बसल्यासारखं.

तिथे आमचा थांबा होता.
दॉ फ्वा शिन डोक्यावर परात घेऊन चढायची:
मुरवलेली चहाची पानं, तीळ, तळलेला लसूण.
मला मूठभर जास्त.
तोराब अली तिला कधी जमलं नाही.
तोयाली, म्हणायची.

नोव्हेंबरात ती कठाच्या धक्क्यावर चढली. परात नव्हती.
सरळ चालत नाकावर आली,
जिथे प्रवाशांनी यायचं नसतं.
वसीउल्लाने वरून पाहिलं
आणि दुर्बीण दुसऱ्या काठाकडे फिरवली.

“पाच हात!”
“चार!”
समोरचा काठ नवा, उसवलेला,
दोन ताड पाण्यात आडवे, शेंड्यांना अजून हिरवं.
तिने हनुवटी जराशी हलवली. इथे.

बांबू टेकवला.
वाळू नव्हती. चिखल नव्हता.
टणक, सपाट.
पुढच्या बुडवणीला तेच, वीतभर खाली.
मग आणखी वीतभर.
मठाच्या पायऱ्या.
त्यांच्यावर मी एकदा चपला काढून आत गेलो होतो,
भोंगा वाजला, तसाच अनवाणी पळालो.
त्या तिथेच असतील.

“साडेतीन हात!”
आमच्या बोटीला तीन लागतात.
“साडेतीन?”
“साडेतीन! वाळू!”

टणक म्हणायला हवं होतं.
टणक म्हटलं की चाकं उलटी फिरतात,
चौघे बांबू घेऊन धावतात, टोचतात,
काय आहे, कोणाचं आहे, मोठ्याने विचारतात.

“वाळू?” ती म्हणाली,
बर्मी नाही, चाटगावी नाही,
बोटीवर सगळे बोलतात त्या खिचडीत.

मी बांबू वर घेतला.
टोकाचा पट्टा पांढरा,
त्यावर विटेचा ओला लाल.
तिने लुंजीचं टोक ओढलं
आणि पुसला,
जेवल्यावर पोराचं तोंड पुसावं तसा, जरा जोरातच.
“तोयाली,” म्हणाली, “पुढचा.”

बुडवला. हात खांद्यापर्यंत वाकला.
“ठाव नाही,” मी म्हणालो.

वरून पडसाद आला नाही.
ऐकूच गेलं नव्हतं.
पुन्हा म्हणावं लागलं, मोठ्याने.