कसबा बावडा

शाहूपुरी, चौथी गल्ली, चपलांच्या गोदामावर ऑफिस.
ब्राउझरनं पत्ता हातात दिला:
आजरा डॉट गूळवाले डॉट को डॉट इन.
मला हवा फक्त आजरा.

टिंबांवर तोडला. चार तुकडे.
मागचे दोन टाकले की पुढचं आपलं,
डॉट कॉम होतं तोवर जमलं.
आता आजऱ्याला चिकटून मालकही येतोय.

घरी आबा जागे. तीस वर्षं पोस्टात, सॉर्टिंगला.
"पत्ता खालनंच वाचायचा, ते बरोबर हाय.
पण कसबा बावडा आला तर?
शब्द दोन, गाव एक.
तोडलास, तर नुसता कसबा कुठल्या खणात टाकशील?
आमच्यात भिंतीला यादी होती, जोडनावांची."

म्हणजे मोजायचं नव्हतंच. ओळखायचं होतं.

सकाळी यादी जोडली.
पुढचं डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू गाळलं,
आबा 'श्री.' गाळून वाचायचे तसं.
आजरा एकटा आला पडद्यावर.

लगेच दुसरा पत्ता: नुसतं गूळवाले डॉट को डॉट इन.
पुढं काहीच नाही. कोडनं रिकामे हात दाखवले.

फोन लावला. आबा, गल्ली नाही, घर नाही, नुसतं गाव असलेलं पत्र?

"बाजूला ठेवायचो.
शिंगटे पोस्टमन यायचा चहाला,
अक्षर बघून सांगायचा."