डाळिंब

उत्तरेची उंच खिडकी, तिच्यात धुक्याचा मळका तुकडा,
आणि मी, केझाया प्लमर, वय सतरा,
जुन्या पडद्यात गुंडाळलेली पाताळाची राणी.
तासाला एक शिलिंग.
मान डावीकडे. आणखी थोडी. हं, अशीच.

मिस्टर हॅदरसेज ब्रश दातांत धरून गोष्ट सांगायचे:
फुलं खुडताना जमीन दुभंगली,
काळ्या घोड्यांचा रथ वर आला
आणि धान्यदेवीची लेक घेऊन खाली गेला.
आई मशाल घेऊन नऊ दिवस हिंडली,
शेतं करपली, गाई आटल्या.
पण मुलीनं तिथलं डाळिंब खाल्लं होतं, सहा दाणे,
म्हणून वर्षातले सहा महिने तिथलेच झाले.
"कळलं का, केझाया?"
मी मान हलवायची नाही.
हलायचं नाही याचेच तर पैसे होते.

डाळिंब कोव्हेंट गार्डनहून आणलेलं,
माझ्या अडीच तासांच्या किमतीचं.
मी तोवर असलं फळ पाहिलं नव्हतं.
बाहेरून जुन्या बुटासारखं,
आत मात्र कुणी दिवे लावून गेल्यागत.

तिसऱ्या दिवशी ते चहाला खाली गेले.
शेगडी विझत आलेली.
सकाळपासून पोटात चरबी लावलेला पावाचा एक काप.
एक दाणा खाल्ला, तो नुसता बघायला.
पुढचे मोजले नाहीत.
सहा नव्हते, एवढं नक्की.

परत येऊन त्यांनी फळ पाहिलं, मग माझे ओठ.
ओरडले नाहीत. शनिवारी अर्धा क्राउन कापला,
आणि ते रिकामं खोबण होतं तसं रंगवलं.
पुढे म्हणे कुणा विद्वानानं छापून आणलं
की त्या पोकळीत मृत्यूचं गूढ आहे.
असेल बाई. मला शिकलेल्यांचं कळत नाही.

माझे हात त्यांना चालले नाहीत.
नवव्या वर्षापासून लॅम्बेथच्या धुलाईघरात
सोड्यात बुडालेले, पेरं सुजलेली, नखांशी चिरा.
"देवीचे हात असे नसतात."
मग त्यांची मेहुणी, मिस ऑगस्टा,
हातमोजे उतरवून तीन सकाळी बसली.
माझ्या दंडाला तिचं मनगट जोडलं.
पावलं बेनेदेत्तोची, रस्त्यावर बाजाची पेटी फिरवणाऱ्या पोराची,
घोट्यावरचे पिसवांचे चावे तेवढे वगळून.

नोव्हेंबरात एका संध्याकाळी धुकं इतकं दाटलं
की रस्त्यातले दिवे असून नसल्यासारखे.
आणि आई आली.
कोळसेवाल्याचा कंदील मागून, पूल ओलांडून,
दारोदार विचारत, चित्रकाराचं घर कुठलं.
मोलकरणीनं मागच्या दाराला जा म्हटलं,
ती पुढच्याच दारानं वर आली.

माझ्याकडे बघितलंच नाही. चित्रापाशी गेली,
कंदील वर धरला,
पुष्कळ वेळ धरला.
"तोंड माझ्या केझीचं," ती म्हणाली.
"हे हात कुणाचे?"

मिस्टर हॅदरसेज बोलू लागले:
ग्रीस, आदर्श, प्रमाण, संगमरवर.
आईनं सगळं ऐकून घेतलं,
घरमालकाचं ऐकते तसं, जमिनीकडे बघत.
मग मला म्हणाली, "शाल घे."

पुलावर नदी दिसत नव्हती, नुसती वाजत होती.
तिनं माझा हात घट्ट धरलेला,
दोघींच्या हातांना एकच वास.
मी सगळं सांगून टाकलं, अर्ध्या क्राउनसकट.
आता एक चपराक बसणार, असं वाटलं.

बरंच चालल्यावर तिनं विचारलं,
"कसं लागतं गं ते?"
"आंबटगोड. बी फार."
"हं."
कंदिलाची वात तिनं जरा खाली केली.
"एखादा दाणा आणायचास की माझ्यासाठी."