नावाखालची ओळ

सावद्याच्या प्रेसमध्ये मुबारक तडवीने
साडेतीन बाय दोन इंचांचा नमुना काढून समोर ठेवला.
कुंदा वारके. खाली मोबाईल नंबर.
मधे एक रिकामी पट्टी.
‘इथे काय टाकू, ताई?’

मी सांगायला लागले.
पेटीचे सूर लावते. भात्याला भोक असेल तर तेही बुजवते.
मोडी वाचते. भाऊबंदकीत अडकलेले कागद
लोक किराण्याच्या पिशवीतून आणतात,
आणि पणजोबाने जमीन खरंच विकली होती हे कळल्यावर
माझ्यावरच चिडतात.
दुकानांच्या पाट्या रंगवते, अजून हाताने.
मिक्सर उघडते. बहुतेक वेळा तो पुन्हा चालतो.
हिवाळ्यात हतनूरच्या पाण्यावर बदकं मोजते,
त्याचे कुणी पैसे देत नाही.

मुबारकने चष्मा कपाळावर चढवला.
‘कार्ड छापायचंय ना ताई? का पंचांग?’

माझ्या वर्गातली हेमलता झांबरे
आठवीत म्हणाली होती, डोळ्यांची डॉक्टर होणार.
झाली.
जळगावला तिच्या दारावर एकच शब्द आहे
आणि तो मीच रंगवलाय.
‘नेत्रालय’मधला त्र तीनदा पुसून पुन्हा काढला.
ब्रश चांगला होता.

एक्केचाळीस पूर्ण झाली मला.
पेटी लावता येते, वाजवता धड येत नाही.
बदकांच्या वहीत तीन हिवाळे कोरे आहेत,
तेव्हा मी मोडीत बुडाले होते.
आई म्हणायची, ‘कुंदे, सतरा हिरींचं पानी आनलं तू,
पन घागर एक बी भरली नाही.’
मी म्हणायचे, चव तर कळली.
ती काही बोलायची नाही. तिला दोन्ही वेळचा स्वयंपाक असायचा.

नमुना पर्समध्ये कोंबून
चिनावलच्या रस्त्याला भावाच्या केळीत गेले.
बाहेर ऊन भाजत होतं, आत माठासारखं गार.
गुमान पावरा पिलं कापत होता.
एकेका खोडाभोवती पाच-सहा कोंब,
विळा खाली जाऊन वर यायचा
तेव्हा एकच उभं असायचं.

‘कुठलं ठेवायचं, कसं कळतं रे?’
‘ज्याचं पान तलवारीसारखं, ते.
रुंद पानाचं दिसायला छान, पण पाणपील. मुळात दम नाही.’
‘आणि दोन तलवारी निघाल्या तर?’
तो हसला.
‘जी आधी हाताला लागली, ती गेली.’

एक कापलेलं उचललं.
आत पांढऱ्या पदरात पदर, पदरात पदर,
मनगटावर चीक ओघळला.
‘नाहीच कापली तर?’
‘घड बारीक पडतो. व्यापारी हात लावत नाही.’
खरं होतं ते. भावाचे घड दोघांनी उचलावे लागतात.
मी वाद घालायला गेले नव्हते.

‘मग एकदा कापलं की सुटलं?’
‘कशाचं, ताई! महिन्याभरात सगळी पुन्हा वर.
म्हणून तर मला बोलावतात.’
आणि पुढच्या खोडाशी वाकला.

हात पुसायला पर्समधून कागद काढला,
तो नेमका नमुना निघाला.
केळीचा चीक आधी नुसता पाण्यासारखा दिसतो.
घरी येईपर्यंत काळा पडला.
धुऊन जात नाही, सगळ्या खानदेशाला माहीत आहे.
नाव वाचता येत होतं. नंबरही.
मधल्या पट्टीत तो डाग, कुठल्याच अक्षरासारखा नाही.

संध्याकाळी मुबारकचा फोन.
‘काय ठरलं मग? उद्यापासून मशीन लग्नपत्रिकांना लागेल.’
मी स्टुलावर होते, एका पायावर,
‘जनरल स्टोअर्स’चा शेवटचा स राहिला होता,
खाली कुणाचं तरी पोरगं
मिक्सर पोटाशी धरून उभं.
‘थांब,’ म्हटलं,
‘एवढा स होऊ दे.’