साकु

उद्यमबागेत, आमच्या शेडमागं,
सिक्वेरा डॉक्टरांची लाल ट्रायंफ
तोंड उघडून उभी आहे.
दोनच सीट. गोव्याची जुनी पाटी.
सीटमागच्या फटीत कुत्र्याचे केस,
कुत्रं जाऊन नऊ वर्षं झाली तरी.

तक्रार एकच:
चोर्ल्याच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये दाबलं
की डब्यात चिंचोके हलवल्यासारखं वाजतं.

बाबा म्हणाले, पेट्रोल बदललं, गाडी कुठं बदलली.
ठिणगी अजून त्याच घाईनं पडते
जशी तेव्हाच्या पेट्रोलला पडायची.

डिस्ट्रिब्युटर मी उतरवला.
आत दोन वजनं, दोन स्प्रिंगा,
एक ताठ, दुसरी
जुन्या चड्डीच्या नाडीसारखी.
बाबांनी तो हातात घेतला, हुंगला,
आणि पॅराशूटच्या रिकाम्या डब्यात ठेवला.
चाळीस वर्षं पॉइंटची फट त्यांनी
एकाच पोस्टकार्डानं मोजली, एकदा दुमडून.
निपाणीच्या आत्यानं धाडलेलं.
मजकूर ग्रीसमध्ये गेला,
जाडी राहिली.

चक्र मी मिलिंगवर कापलं.
छत्तीस घरं, पस्तीस दात.
“एक गाळलास गे?”
मुद्दाम, बाबा.
“आणि डॉक्टरांनी मोजलं तर?”
त्या रिकाम्या जागेवरनंच कळतंय त्याला,
पिस्टन कुठं आलाय ते.
सगळे दात असते तर
नुसतं फिरत राहिलं असतं, काही न समजता.
बाबांची जीभ गालाच्या आत
खालच्या दाढेच्या खड्ड्यात गेली,
थोडा वेळ तिथंच राहिली.

दात आणि सेन्सर यांच्यात पाऊण मिलिमीटर.
मी फीलर गेज शोधतेय तोवर
पोस्टकार्ड दोनदा दुमडून
त्यांनी सरकवलंसुद्धा.
नंतर मी गेज लावून बघितलं.
बघितलं, पण सांगितलं नाही.

लॅपटॉपवर तक्ता:
आडवे आकडे वेगाचे, उभे ओढीचे,
प्रत्येक घरात एक अंश.
दहा. चौदा. बावीस. बत्तीस.
“हे पाढे कुठल्या शाळेतले?”

दोनच सीट, म्हणून डॉक्टर शेडमध्येच राहिले
आमच्या चहावाल्याला गाईच्या कासेबद्दल समजावत.
बाबा चाकावर, मी मांडीवर लॅपटॉप घेऊन.
जांबोटी, कणकुंबी, मग केरीपर्यंत उतार.
गाडी फिरवली. खरी परीक्षा परतीची.

“ठोकूलालंय!”
मला वाऱ्याशिवाय काही ऐकू येईना.
चोवीसशेच्या ओळीत दोन अंश मागं घेतले.
“अजून एक.”
अजून एक.
“हां. गेलं.”
आणि खरंच, वळणावर गाडीनं श्वास मोकळा केला,
मलाही कळलं.

दोन वळणं पुढं, परत: “ठोकूलालंय!”
दोन अंश. अजून दोन. अजून.
गाडी मेंगळट झाली, ट्रकवाला मागून ओरडला,
आवाज तसाच.
बाबांनी कडेला घेतली, उतरले, वाकले.
नंबर प्लेटचा स्क्रू.
दोन रुपयाच्या नाण्यानं आवळला
आणि दरीकडं तोंड करून उभे राहिले,
लघवीला उभं राहतात तसे, पण नुसतेच.

ते अंश मी गुपचूप परत भरले.
पहिले तीन मात्र राहू दिले.
तिथं तक्त्यात अजून एक खळगा आहे,
कुठल्या पुस्तकात नसलेला,
एका माणसाच्या कानाएवढा.

माथ्यावर त्यांनी चावी फिरवली. शांत.
“साकु,” म्हणाले.
भाकरी पुरे झाली की हेच,
भांडण पुरे झालं की हेच,
कामगाराची पॉलिश पुरे झाली की हेच.
मराठीत पुरे म्हणताना त्यांना
कधी पुरेसं वाटलं नाही.

लॅपटॉपनं नाव विचारलं.
मी तेच टाकलं.

सकाळी डॉक्टर यायच्या आत
एका घरात बावीसचे तेवीस केले.
साकु दोन.