शपथेवरचं भाषांतर

दावा फेटाळल्याचा कागद
जयराम घवाळीने इस्त्रीच्या शर्टासारखा
पिशवीतून घडी न मोडता आणला.
मुक्काम पोस्ट लांजा. सध्या सोहार,
बंदराच्या मागचा कॅम्प, खोली अकरा.
उजव्या हाताची तीन बोटं नाहीत.
चौथं आहे, पण ते कुणाचंच ऐकत नाही.

माझी अरबी श्रीवर्धनच्या मदरशातली,
छडीच्या तालावर पाठ केलेली.
तिला कोर्टाची सवय लागायला सात वर्षं गेली.
कागद म्हणत होता:
कामगाराने जबाबात कबूल केलं आहे
की यंत्राचं बटण त्यानेच दाबलं.
सबब चूक त्याची.
सबब भरपाई नाही.

"असं बोललात तुम्ही?"
"नाय ओ. मशीनवर सादिक होता,
मी नुसता सळई धरून."
मग बराच वेळ गप्प.
"पण सही माझीच आहे. डाव्या हाताची."

शम्साबाई वकील, चष्मा कपाळावर, चहा गार,
म्हणाल्या, सही असेल तर अवघड आहे.
अपिलाला उरलेत नऊ दिवस,
त्यात दोन सुट्टीचे.

लिफ्टपाशी तो बाजूला सरकला.
"ताई, बटण दाबा जरा. हात पिशवीत अडकलाय."

बटण.

लिफ्ट आली, उघडली, रिकामीच गेली.
"घवाळी, त्या दिवशी हापिसात काय सांगितलंत?
आपल्या भाषेत. जसंच्या तसं."
"सांगितलं, बोटं चेंगरली.
फोरमन बोलला, पाळी संपव, मग बघू.
मी कळ दाबली नि पाळी पुरी केली.
चार तास. हातमोजा काढला नाय,
काढला असता तर बघावं लागलं असतं."

कॅम्पच्या कारकुनाने ती कळ हिंदीत नेली,
हिंदीतून इंग्रजीत,
आणि अरबीत पोचली तेव्हा
ती दुखायची थांबली होती.
तिला लाल टोपी आली होती,
ती भिंतीवरच्या खोक्यात बसली होती.

अब्बांचा शब्दकोश काढला.
मस्कतला शिलाईकाम करताना
घरच्या पत्रात चूक नको म्हणून ठेवलेला,
पाठीला अजून त्यांचीच टीप.
पान उघडलं, तर पहिला अर्थ
कंपनीच्या बाजूचा निघाला: यंत्राचा खटका.
आमचा दुसरा.
शम्साबाई हसल्या नाहीत.
म्हणाल्या, दोन्ही लिही. लपवलेलं तेवढंच सापडतं.

मी लिहिलं, शपथेवर:
कळ म्हणजे आत उठणारी वेदना.
ती दाबणं म्हणजे ओठ दाबणं.
बटणाला हा माणूस बटणच म्हणतो.
खाली शिक्का, तारीख, माझं नाव.
अब्बांच्या कोशाच्या पानाची झेरॉक्स, दोन प्रती.

सुनावणीला कंपनीचे वकील म्हणाले,
शब्द ऐनवेळी अर्थ बदलू लागले
तर जबाब कशाला घ्यायचे?
मला ते पटलंसुद्धा, क्षणभर.
न्यायाधीशांनी घवाळीला ते वाक्य म्हणायला सांगितलं,
तुझ्याच भाषेत.
तो उभा राहिला, म्हणाला.
'कळ' म्हणताना त्याचा खांदा वर गेला,
हात खिशातच होता.
टंकलेखकाने मान वर करून पाहिलं.
नोंदीत खांदा आला नाही.

निकाल नाही. पुढची तारीख.
हात पुन्हा वैद्यकीय समितीपुढे,
टक्के नव्याने.

बाहेर पायऱ्या तापलेल्या.
"जिंकलो काय?"
"नाही. पुन्हा ऐकून घेणार आहेत."
"मग बरं."
दोन पायऱ्या उतरला, थांबला.
"ताई, रात्री करंगळीत कळ येते.
जी नाहीच, तिच्यात.
ती लिहिता येईल काय?"

शम्साबाईंनी विचारलं, काय म्हणतोय?
मी तोंड उघडलं,
आणि दोन्ही भाषा एकदमच अडल्या.

त्यांनी गाडीची किल्ली परत पर्समध्ये टाकली,
सावलीची पायरी बघून बसल्या.
म्हणाल्या, सांग. सावकाश सांग.