घट

पालव बंदराशी बर्फाचं जहाज लागलं, शके सतराशे अठ्ठावन्न,
त्या दिवशी मी वहीत तीन रकाने आखले:
आमद, विक्री, घट.
घट म्हणजे जे वाटेत वितळलं ते.
आमच्या आईला घट म्हणजे मडकं,
पण पेढीला मडक्याशी काय काम.

बोस्टनहून निघालं एकशे ऐंशी टन.
आमच्या काट्यावर नव्वदही भरेना.
त्यांच्याकडे थंडीत घोडे जुंपून तळं नांगरतात म्हणे,
करवतीनं कापतात, भुशात घालून विकतात.
निम्मं तळं समुद्रच प्यायला.

लाद्या सटवा वाहायचा.
डोक्यावर गोणपाटाची चुंबळ, मानेवरून गार ओघळ,
दात वाजत, आणि वर वैशाखाचं ऊन.
ज्या विहिरीत त्याचा पोहरा पडत नाही
तिच्या मालकाच्या सरबताला
तो पाणी नेत होता, डोक्यावरून.

त्याचा निकाल आधीच लागला होता.
शास्त्रीबुवांनी लादीला बोट लावलं, झटकन मागं घेतलं,
म्हणाले, हा पाषाण. पाषाणाला विटाळ नाही.
शेठजींनी विचारलं, आणि पाणी झाल्यावर?
बुवा जरा थांबले.
पाणी व्हायच्या आत संपवावा.

जहाजावरचा आचारी सायरस. काळा, न्यूयॉर्कचा,
सटव्याहून वीतभर उंच.
गळ्यात पत्र्याची नळी, नळीत कागद, कागदावर गरुड:
इसम स्वतंत्र आहे. उंची अमुक. डाव्या भुवईवर व्रण.
गोऱ्या खलाशांचाही असतो, म्हणाला,
त्यांचा पेटीत असतो.
माझा झोपतानाही गळ्यात.

मी मिशनच्या शाळेत शिकलेला.
त्याच्या देशाच्या जाहीरनाम्यातलं
सर्वांच्या समानतेचं वाक्य मला पाठ,
तेही अमेरिकन पाद्र्याच्या उच्चारात.
म्हणून दाखवलं.
तो बर्फाच्या टोच्यानं नखं कोरत ऐकत राहिला.

मग म्हणाला, आमच्याकडे हल्ली मोठी धामधूम.
शेतकरी, गाडीवान, चांभार, सगळे मत देतात,
सरदारी थाटाच्या लोकांचं राज्य गेलं म्हणून मिरवणुका, दारूची पिंपं.
मी विचारलं, मत म्हणजे?
राज्य कुणी करावं याबद्दलचं.
म्हटलं, मत आमच्याकडेही असतं,
कुणी मागत नाही एवढंच.
तो हसला. मग हसू आवरून म्हणाला,
गोऱ्याची जमिनीची अट त्यांनी काढून टाकली.
माझी ठेवली. अडीचशे डॉलरची.
आणि दक्षिणेत चार्ल्सटनला जहाज लागलं
की मला तुरुंगात ठेवतात, जहाज सुटेपर्यंत.
गुन्हा?
काही नाही. बंदरातल्या गुलामांनी मला मोकळा चालताना बघू नये.
तुरुंगाचा खर्च कप्तान भरतो,
माझ्या पगारातून कापतो.

सटव्याला यातलं इंग्रजी कळलं नाही.
मी मराठीत सांगितलं, थोडं गाळून.
तो ऐकून म्हणाला, यांच्यात गावकुसाबाहेरची वस्ती
समुद्रातसुद्धा असते का?
मी हे भाषांतर करून सायरसला सांगितलं नाही.
का, ते अजून ठरवतो आहे.

संध्याकाळी एक लादी घसरली, कोपरा फुटला.
सायरसनं तो उचलून सटव्याच्या ओंजळीत टाकला.
सटव्यानं चाटला, डोळे मिटले, शिवी हासडली,
आणि उरलेला माझ्यासमोर धरला.
घ्या, कारकून. दगड आहे. शास्त्र्यांनीच सांगितलंय.

मी शास्त्रीबुवांचा विचार केला.
मग पेढीचा, मग घरच्या ओटीवर बसलेल्या वडलांचा,
मग पाद्रीबाबांचा,
मग ते वाक्य पुन्हा एकदा, मनात, अचूक उच्चारात.
हात पुढे केला
तेव्हा सटव्याच्या ओंजळीत पाणी होतं.

त्यानं ते धरून ठेवलं. बराच वेळ.
बोटांमधून ठिबकत होतं, बंदराच्या दगडांवर.
मग कोपरापर्यंत हात पुसले आणि पुढची लादी उचलली.

रात्री दिव्याखाली वही उघडली.
आमद लिहिली. विक्री लिहिली.
घटच्या रकान्यात टाक टेकवला तो तसाच राहिला,
शाईचा ठिपका पसरत गेला.
शेठजी सकाळी विचारणार, हे काय?