मूस

विट्याच्या शाळेत बर्नर होता, गॅस नव्हता.
आम्हाला स्पिरिटचा दिवा, चौघांत एक.
दुपारच्या उजेडात ज्योत दिसायची नाही;
हात जवळ नेला की कळायचं, पेटलाय.

तिवईवर जाळी, जाळीवर चिनी मातीची
मुठीत मावेल एवढी वाटी.
"ही क्रुसिबल," लकडे सर म्हणाले.
मागच्या बाकावरून हैबती: "मूस."
वर्ग खिदळला. सर नाही.
"तुला रे कसं ठाऊक?"

बाप सेलमला, गलाईच्या भट्टीवर.
नुसत्या रंगावरून सांगतो सोनं कुठवर आलं.
दिवाळीला येतो तेव्हा भुवया नसतात,
परत जाताना नुकती खुटं फुटलेली.
यातलं हैबती काही बोलला नाही.
म्हणाला, "घरी हाय एक. तडकलेली.
आई सुईदोरा ठिवती तिच्यात."

मग मोरचूद तापवलं.
निळं हळूहळू उडून गेलं,
खाली पांढरी भुकटी.
सरांनी चिमट्यानं वाटी त्याच्यापुढं ठेवली:
"गार झाली की थेंबभर पाणी टाक."

निळं परत आलं.

घंटा झाली. आम्ही डब्यांकडे पळालो.
त्यानं दिवा फुंकला नाही, टोपण घातलं,
आणि थांबला विचारायला,
"सर, आसं किती येळा हुतं?"